वाहते पाणी, साठलेले पाणी आणि विश्वेश्वरय्या

पावसाळा रंगात आला की वृत्तपत्रांच्या पानांवर दोन प्रकारचे आकडे रोज शेजारी शेजारी छापले जातात. अमुक धरणात इतके टीएमसी पाणी जमा झाले, हा एक. आणि अमुक धरणातून इतक्या क्युसेकने विसर्ग सुरू झाला, हा दुसरा. हे दोन्ही आकडे पाण्याचेच असले, तरी त्यांची जात एक नव्हे. पहिला आकडा राशीचा आहे, दुसरा गतीचा. महिन्याचे वेतन आणि पासबुकातील शिल्लक यांत जो भेद आहे, तोच भेद या दोन आकड्यांत आहे. वेतन किती, एवढ्यावरून कोणाची शिल्लक कळत नाही. ते किती महिने मिळाले आणि त्यातून किती खर्ची पडले, हे ठाऊक असावे लागते. तरीही पुराच्या आणि टंचाईच्या चर्चेत या दोहोंची सरमिसळ सर्रास होते. एकीकडे विसर्गाचा मोठा आकडा ऐकून धरण रिकामे होत असल्याची हाकाटी होते, तर दुसरीकडे साठ्याची टक्केवारी वाचून नदीकाठची गावे निर्धास्त झोपी जातात.

वास्तविक हा हिशेब माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे. एका सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिले, तर तो एक क्युसेक. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून एक क्युसेकचा प्रवाह अहोरात्र वाहिला की ८६,४०० घनफूट पाणी होते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. तेव्हा एक टीएमसी पाणी एका दिवसात यायचे अथवा जायचे, तर प्रवाह सुमारे ११,५७४ क्युसेकचा हवा. एक लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर टिकला, तर ८.६४ टीएमसी पाणी होते. येणाऱ्या प्रवाहातून जाणारा प्रवाह वजा करावा, उरलेल्याला काळाने गुणावे, म्हणजे साठ्यात किती भर अथवा घट झाली ते कळते. धरणांचे सारे शास्त्र शेवटी या एका वजाबाकीवर आणि एका गुणाकारावर उभे आहे.

हा हिशेब ज्याने आयुष्यभर मांडला, त्याच्या आधारे शहरांना पाणी दिले, कालव्यांना शिस्त लावली, पुरात वाहून गेलेल्या राजधानीचे पुन्हा रक्षण केले आणि एका संस्थानाचे अर्थकारण पालटले, असा पुरुष म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दर वर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो, तसबिरीला हार पडतो, भाषणे होतात. परंतु त्यांनी नेमका कोणता प्रश्न सोडवला, हे सांगणारे थोडे आणि समजून घेणारे त्याहून थोडे. महाराष्ट्राला तर हे समजून घेणे अधिक अगत्याचे आहे. कारण या म्हैसूरकराचे विद्यार्थिजीवन पुण्यात सरले आणि त्याच्या कर्तृत्वाचा पहिला मोठा कालखंडही याच भूमीत गेला.

पुण्याचा विद्यार्थी

चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात १८६१ साली विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे जाणकार. घरात विद्या होती, संपत्ती नव्हती. पितृछत्र लहान वयातच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले ते शिकवण्या करून. १८८१ साली पदवी मिळाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीने त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणले. १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

नोकरीचा आरंभ नाशिक आणि खानदेशात झाला. धुळे जिल्ह्यात दातर्तीजवळ नदीचे पात्र ओलांडून कालव्याचे पाणी नळातून नेण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेही ऐन पावसाळ्यात. वाळू आणि पूर या दोहोंशी त्या तरुण अभियंत्याला झुंज द्यावी लागली. नकाशावरील नदी आणि पावसाळ्यातील नदी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ज्ञान महाविद्यालयात मिळत नाही. ते पांझरेच्या खोऱ्यात मिळाले.

याच पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर बंधारा घालून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दर वर्षी फडांतील पिकांची पाळी बदलायची, ही त्या पद्धतीची रीत. पाणी गावाचे, आणि त्याची वाटणी गावाने नेमलेल्या पाटकऱ्याच्या हाती. पुढे विश्वेश्वरय्यांनी मोठ्या कालव्यांसाठी जी योजना मांडली, तिचे या पद्धतीशी असलेले साम्य अभ्यासकांच्या नजरेत भरल्यावाचून राहत नाही.

खडकवासल्याची दारे

पुण्याचा पाणीपुरवठा आणि मुठा कालवे ज्या जलाशयावर अवलंबून होते, तो खडकवासल्याचा तलाव १८७९ च्या सुमारास पूर्ण झाला होता. कर्नल फाइफ यांच्या नावाने तो ओळखला जाई. विश्वेश्वरय्या पुण्यास आले तेव्हा अडचण अशी होती की, तलाव दर पावसाळ्यात भरून वाही आणि तरी उन्हाळ्यात पाणी अपुरे पडे. पुराच्या दिवसांत सांडव्याच्या माथ्यावरून सहा ते आठ फूट उंचीचा प्रवाह कोसळत असे. त्या काळात तलावाची पातळी तेवढी वर जाई. पूर ओसरला की ती पुन्हा सांडव्याच्या माथ्यापर्यंत खाली येई आणि मधले सारे पाणी मुठेतून निघून जाई.

सामान्य बुद्धीने यावर दोन उपाय सुचतात. धरण उंच करावे, अथवा सांडवा उंच करावा. पहिला उपाय खर्चाचा, दुसरा धोक्याचा. कारण सांडवा उंच केला की पुराचे पाणी त्याहून सहा-आठ फूट वर चढणार आणि धरणाच्या भिंतीला न झेपणारा भार तिच्यावर पडणार. विश्वेश्वरय्यांनी तिसरा मार्ग काढला. भिंतीने पूर्वी जी उच्चतम पातळी सोसली आहे, तेथपर्यंत पाणी अडवायचे; त्याहून वर मात्र चढू द्यायचे नाही. यासाठी त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दारे पाण्याच्याच बळाने उघडत, आणि पातळी खाली आली की मिटत. रात्री-अपरात्री कोणी माणसाने धावत जाऊन चाके फिरवण्याची गरज नव्हती. १९०३ साली ही दारे कामास लागली आणि त्यांचे एकस्वही विश्वेश्वरय्यांच्या नावे नोंदले गेले. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर याच कल्पनेचा अवलंब झाला.

या योजनेने तलावाची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली आणि साठा सुमारे २५ टक्क्यांनी. आठ फुटांत एवढा लाभ कसा, याचे उत्तर खोऱ्याच्या आकारात आहे. नदीचे खोरे तळाशी अरुंद आणि वर रुंद असते. तळाच्या एका फुटात जितके पाणी मावते, त्याच्या कितीतरी पट माथ्याच्या एका फुटात मावते. म्हणूनच धरण उंचीने अर्धे भरले म्हणजे साठ्यानेही अर्धे भरले, असे समजणे चुकीचे असते. पहिले फूट भराभर चढतात आणि शेवटचे फूट सावकाश. पण खरी संपत्ती त्या शेवटच्या फुटांत असते.

प्रवाहाचेही असेच आहे. सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याची जाडी दुप्पट झाली, तर विसर्ग दुप्पट होत नाही. तो पावणेतीन पटींहून अधिक होतो. नदीकाठच्या माणसाला एक फूट आणि दोन फूट यांतील अंतर एका फुटाचेच दिसते. अभियंत्याला मात्र त्यात गावाचे भवितव्य दिसते. खडकवासल्याच्या दारांचे श्रेय केवळ यंत्रकौशल्याचे नव्हे. साठा आणि प्रवाह हे परस्परांचे शत्रू नाहीत, एकाचे नियमन केले तर दुसरा वाढतो, हे ज्याला उमगले होते त्याच्याच हातून ती घडली.

कालव्याचा हिशेब

जलाशय भरला म्हणजे शेती भिजली असे होत नाही. दख्खनच्या कालव्यांवर त्या काळी मोठी विषमता होती. कालव्याच्या मुखाजवळचे शेतकरी उसाला वाटेल तेवढे पाणी देत. जमिनी पाणथळ होत, खारावत, हिवतापाचा फैलाव होई. शेपटाकडच्या गावांना मात्र कोरड्या पाटाकडे पाहत बसावे लागे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने या अव्यवस्थेची किंमत दाखवून दिली.

विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यासाठी जी योजना पुढे केली, ती ब्लॉक पद्धत या नावाने प्रसिद्ध आहे. पाणी एका गावातील थोड्यांना भरपूर देण्याऐवजी अधिक गावांत ठराविक गटांना मोजून द्यावे, गटाच्या एका भागात ऊस आणि उरलेल्यात हलकी पिके असावीत, आणि उसाची जागा पाळीपाळीने बदलावी, असे तिचे स्वरूप होते. १९०१ मध्ये नेमल्या गेलेल्या भारतीय पाटबंधारे आयोगापुढेही त्यांनी ही पद्धत मांडली. आरंभी शेतकऱ्यांचा विरोध झाला. तो अस्वाभाविक नव्हता. मोजमाप आले की सवलत जाते, हे ज्याच्या पदरी सवलत असते त्याला प्रथम कळते.

या योजनेच्या मुळाशी पुन्हा तोच हिशेब होता. एक क्युसेकचा पाट दिवसभर वाहिला, तर एका एकरावर सुमारे दोन फूट उंचीचे पाणी उभे राहील. पिकाला एका पाळीत चार इंच पाणी पुरत असेल, तर तेवढ्याच पाटावर दिवसात सुमारे सहा एकर भिजतील. आणि दहा दिवसांनी पाळी येणार असेल, तर एका क्युसेकवर साठ एकर सांभाळता येतील. गळती आणि बाष्पीभवन वजा जाता हा आकडा कमी होईल, पण हिशेबाची दिशा बदलणार नाही. कोणी चार इंचांऐवजी आठ इंच घेतले, तर शेपटाकडचे तीस एकर कोरडे राहतात. मुखाजवळचा शेतकरी शेजाऱ्याचे काही चोरतो असे त्याला वाटत नाही; तो केवळ आपले दार थोडा अधिक वेळ उघडे ठेवतो. त्या थोड्या अधिक वेळाचेच दहा मैलांवर दुष्काळात रूपांतर होते. पाटबंधाऱ्यातील न्याय हा काळ मोजण्याचा न्याय आहे, हे विश्वेश्वरय्यांनी कागदावर सिद्ध केले. महाराष्ट्रातील कालव्यांवर मुखाकडचे आणि शेपटाकडचे हा वाद अद्याप मिटलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या हिशेबाला कमीपणा आणणारी नसून तो न मानणाऱ्यांना आहे.

पुण्यातील या वर्षांत न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना लाभला. सरकारी चाकरी आणि देशहिताचा विचार एका माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे त्या पिढीने आचरणाने दाखवले. सक्करचा पाणीपुरवठा, एडनची पाणी व गटार योजना अशी दूरदूरची कामे त्यांच्या हाताखालून गेली. १९०८ मध्ये मुंबई सरकारच्या सेवेतून त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली.

मुशीचा पूर

त्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, हैदराबादवर मुशी नदीचा पूर कोसळला. हजारो माणसे दगावली, वस्त्या धुऊन गेल्या, पूल मोडले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि १९०९ मध्ये त्यांनी काम हाती घेतले. पूर का आला, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तो कसा रोखावा, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विदारक होते. अतिवृष्टी झाली हे खरे. परंतु शहराच्या वर मुशीच्या पाणलोट क्षेत्रात ७८८ लहानमोठे तलाव होते आणि त्यांतील २२१ फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. वर्षभर पुरावा म्हणून जपलेला साठा काही तासांत प्रवाह होऊन शहरावर चालून आला. पुराचा उच्चतम विसर्ग सव्वाचार लाख क्युसेकच्या घरात गेल्याचे अनुमान निघाले. एक टीएमसी पाणी महिनाभरात सोडले, तर तो चारशे क्युसेकहूनही लहान असा शांत पाट असतो. तेच पाणी एका तासात सुटले, तर तो पावणेतीन लाख क्युसेकहून मोठा प्रलय होतो. पाणी तेच, राशी तीच. फरक केवळ काळाचा.

उपाय म्हणून त्यांनी शहराच्या वरच्या अंगास मुशी आणि इशी या दोन नद्यांवर मोठे जलाशय बांधण्याची शिफारस केली. त्यांतूनच उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले. आजच्या नोंदींप्रमाणे दोहोंची मिळून पूर्ण क्षमता ६.९ टीएमसीच्या आसपास आहे. सव्वाचार लाख क्युसेकचा लोंढा अखंड आला, तर एवढी जागा साडेचार तासांत भरून जाईल. वरकरणी हे संरक्षण तोकडे वाटते. परंतु पुराचा कळस दिवसभर टिकत नसतो. तो काही तासांचा असतो, आणि जलाशयाने तेवढाच कळस छाटायचा असतो. संपूर्ण पूर अडवण्याची प्रतिज्ञा कोणत्याही धरणाने करू नये. त्याचे शिखर उतरवावे आणि उरलेले पाणी नदीच्या पात्राला सोसेल अशा गतीने सोडावे, एवढेच त्याचे काम.

मात्र येथेच एक कायमचा पेच निर्माण होतो. पूर झेलणाऱ्या जलाशयात जागा रिकामी हवी. तहान भागवणाऱ्या जलाशयात पाणी भरलेले हवे. एकाच जलाशयाकडून दोन्ही कामे हवी असतील, तर केव्हा किती भरायचे आणि केव्हा किती सोडायचे याचे नियम काटेकोर असावे लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली गेली तेव्हा महाराष्ट्रात जो वाद पेटला, तो याच पेचाचा होता. १०५.२५ टीएमसीचे कोयना धरण भरत आलेले असताना एक लाख क्युसेक आत येत असतील आणि पन्नास हजार सोडले जात असतील, तर दिवसाकाठी साठ्यात ४.३२ टीएमसीची भर पडते. चार-पाच दिवस असे गेले की जागा संपते आणि मग जितके आत येते तितके बाहेर सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. भरलेले धरण हे पुरापुरते नसल्यातच जमा असते, हे सत्य मुशीच्या काठी एका शतकापूर्वीच लिहिले गेले होते.

कण्णंबाडीचे धरण

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर शिवनसमुद्र येथे १९०२ पासून वीज निर्माण होत होती आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींना ती पुरवली जात होती. परंतु उन्हाळ्यात नदी आटली की यंत्रे मंदावत. पावसाळ्यात समुद्राला मिळणारे पाणी त्या यंत्रांच्या उपयोगाचे नव्हते. त्यांना वर्षभर सारखा प्रवाह हवा होता. शेतीची मागणीही वेगळी नव्हती. कण्णंबाडीजवळ धरण बांधण्याच्या योजनेचे बीज येथे आहे.

धरण पाणी निर्माण करीत नाही. ते पाण्याचा काळ बदलते. कृष्णराजसागराची पूर्ण क्षमता ४९.४५ टीएमसी आहे. कावेरी पन्नास हजार क्युसेकने वाहत असेल, तर साडेअकरा दिवसांत हा जलाशय भरतो. तेच पाणी दोनशे दिवस पुरवून वापरायचे झाले, तर सुमारे २,८६० क्युसेकचा स्थिर प्रवाह मिळतो. तळाचा अचल साठा आणि बाष्पीभवन यांपोटी काही भाग वजा धरावा लागेल इतकेच. अकरा-बारा दिवसांचा पूर दोनशे दिवसांचे जीवन होतो, हा या धरणाचा अर्थ.

१९११ मध्ये कामाला आरंभ झाला आणि पुढल्याच वर्षी विश्वेश्वरय्या संस्थानचे दिवाण झाले. खालच्या अंगास असलेल्या मद्रास इलाख्याने हरकत घेतली. त्याला स्वतःचा जलाशय बांधायचा होता आणि तंजावरच्या शेतीची चिंता होती. प्रथम ११ टीएमसीच्या साठ्यापुरतीच अनुमती मिळाली. परंतु पाया मात्र पुढच्या पूर्ण उंचीचा घातला गेला. या धाडसावरून वाद विकोपाला गेला, लवाद नेमला गेला, आणि अखेर १९२४ च्या कराराने तडजोड झाली. त्या करारातील नियमांचे तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे: खाली ठराविक प्रवाह पोचत असेल तरच वर साठा करावा. खालच्या राज्याचा हक्क गतीत मोजला गेला आणि वरच्याचा राशीत. दोन्ही भाषांत एकच हिशेब मांडल्याखेरीज नदीच्या वादात न्याय होत नाही.

हे न उमगल्याने काय घडते, ते सप्टेंबर २०१६ मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकास दहा दिवस रोज १५,००० क्युसेक पाणी तामिळनाडूस सोडण्याचा आदेश दिला. पुढे त्यात बदल होऊन तो आकडा १२,००० झाला, आणि बंगळुरात जाळपोळ उसळली. पंधरा हजार क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे १.३ टीएमसी, आणि दहा दिवसांचे सुमारे १३ टीएमसी. टंचाईच्या वर्षी ही राशी लहान नव्हती, आणि म्हणून वादाला जागा निश्चित होती. परंतु रस्त्यावर उतरलेल्यांपैकी किती जणांनी हा गुणाकार केला होता? क्रोधाला आकडा पुरतो. विवेकाला त्या आकड्यामागील कालावधीही लागतो.

धरण १९३१-३२ च्या सुमारास पूर्ण झाले. सिमेंटऐवजी मुख्यतः सुरकीच्या चुन्यात बांधलेली ही भिंत मंड्याच्या कोरड्या प्रदेशाला ऊस आणि भात देऊन गेली. जो कालवा मंड्यात उतरला, त्याला आज विश्वेश्वरय्यांचेच नाव आहे. या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कण्णंबाडीसारखी गावे पाण्याखाली गेली. देवळांसह माणसांना उठावे लागले. ज्याच्या शेतात पाणी आले आणि ज्याच्या शेतावर पाणी आले, हे दोन वेगळे शेतकरी होते. अभियंत्याच्या ताळेबंदात ही रक्कम पुरेशी मांडली गेली नाही, आणि पुढे स्वतंत्र भारतातील धरणांनीही ती चूक दीर्घकाळ गिरवली.

दिवाणपदाच्या काळात म्हैसूर विद्यापीठ, बँक, लोखंडाचा कारखाना अशा संस्थांचा पाया घातला गेला. नोकरभरतीतील राखीव जागांच्या प्रश्नावर महाराजांशी मतभेद झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी पद सोडले. गुणवत्तेवरील त्यांचा आग्रह प्रामाणिक होता. परंतु संधीचा प्रवाहही मुखाकडच्यांनाच आधी मिळतो आणि शेपटाकडच्यांसाठी तो मुद्दाम राखावा लागतो, हा नीरा कालव्याचा धडा समाजाला लावण्यात ते कमी पडले, असे म्हणणे भाग आहे.

शंभरीतला पावसाळा

१९५५ मध्ये भारतरत्न मिळाले तेव्हा विश्वेश्वरय्या नव्वदी ओलांडून गेले होते. त्यानंतर सहा वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, अंबी नदीवरील पानशेतचे बांधकामाधीन धरण फुटले. त्याचा साठा खाली खडकवासल्यावर चालून आला. ज्या तलावाला तरुण विश्वेश्वरय्यांनी आठ फुटांची जोड दिली होती, तो त्याच दिवशी फुटला आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. सांडवा, दारे, भिंत यांपैकी काहीही त्या लोंढ्यापुढे पुरे पडणे शक्य नव्हते. कारण कोणताही सांडवा पावसाच्या पुरासाठी आखलेला असतो, वरचे धरण फुटण्यासाठी नव्हे. मुशीच्या खोऱ्यातील २२१ तलावांनी दिलेला धडा त्रेपन्न वर्षांनी पुण्याने पुन्हा गिरवला. तेव्हा विश्वेश्वरय्या वयाच्या शंभराव्या वर्षात होते. पुढच्या एप्रिलमध्ये, १९६२ साली, बंगळुरात त्यांचे निधन झाले.

खडकवासला पुन्हा उभे राहिले. पानशेतही झाले, वरसगाव आणि टेमघर त्यांच्या जोडीस आली. या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी. त्यांत खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही कमी. म्हणून वरची धरणे भरली की हे लहानसे धरण पाणी थोपवून धरू शकत नाही. आलेला प्रवाह ते जवळजवळ तसाच मुठेत सोडते. तीस हजार क्युसेकचा प्रवाह आत येत राहिला, तर त्याची सारी उपयुक्त जागा अठरा-एकोणीस तासांत भरते. पुण्यातील पुलाखाली वाहने ठेवणाऱ्याने आणि पात्रालगत घर बांधणाऱ्याने एवढा एक हिशेब ध्यानी धरला, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

विश्वेश्वरय्यांचे खरे स्मारक पुतळ्यात नाही. धरणावरून सुटलेल्या पाण्याची वार्ता देताना विसर्गाबरोबर त्याचा कालावधी आणि आत येणारा प्रवाहही सांगितला गेला, शाळेतील हौदाच्या आणि तोट्यांच्या गणिताला जवळच्या धरणाचे नाव मिळाले, आणि कालव्याच्या शेपटावरील शेतकऱ्याला आपल्या हक्काचे पाणी तासांत मोजून मागता आले, तर ते स्मारक उभे राहील. हौदाचे गणित विद्यार्थ्याला कंटाळवाणे वाटते, कारण त्या हौदाकाठी कोणी राहत नसते. मुठेच्या, कृष्णेच्या आणि मुशीच्या काठी माणसे राहतात. एका तोटीने किती येते, दुसरीने किती जाते आणि हौद केव्हा भरतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यासाठी परीक्षेच्या गुणांचे नसून प्राणांचे आहे.